बुटांची खरी किंमत

केविन क्वानची ‘क्रेझी रिच एशियन्स’ मी कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर वाचून संपवली. कादंबरी २०१३ची, सिनेमा २०१८चा. सिनेमा तेव्हाच पाहिला होता, पुस्तक राहून गेलं होतं. सिंगापूरमधली गडगंज घराणी, त्यांची लग्नं, दागिने आणि हेवेदावे. क्वान मूळचा सिंगापूरचाच, त्यामुळे टिंगल घरातल्या माणसाने केल्यासारखी. वर तळटीपांमधून तो तिथले पदार्थ आणि शिव्याही समजावून सांगतो. बसमध्ये एकटाच हसत होतो.

पण पुस्तक संपल्यावर जे डोक्यात राहिलं ते हसण्यासारखं नव्हतं. या गोष्टीतली चांगली माणसं सतत आपला पैसा लपवत असतात. आणि बहुतेक वेळा प्रेमापोटी. (पुढे कथानक फुटणार आहे.)

निक न्यूयॉर्कमध्ये इतिहास शिकवतो. त्याची मैत्रीण रेचल अर्थशास्त्राची प्राध्यापक, एकट्या आईने वाढवलेली. मित्राच्या लग्नाला तो तिला सिंगापूरला नेतो, पण आपलं घराणं किती श्रीमंत आहे हे सांगत नाही. पैशाविषयी बोलायचं नसतं, हाच त्याच्यावरचा संस्कार. त्याची आतेबहीण अ‍ॅस्ट्रिड अफाट श्रीमंत. नवरा मायकल मध्यमवर्गातून आलेला, स्वतःची टेक कंपनी उभी करणारा. त्याला कमीपणा वाटू नये म्हणून ती साध्या फ्लॅटमध्ये राहते, खरेदीचा गवगवा करत नाही.

इथे मला माझे बाबा आठवले.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी त्यांच्यासाठी चालायचे बूट घेतले. किंमत ६,८०० रुपये. बाबांच्या नोकरीत कित्येक वर्षं महिन्याचा पगारही तेवढा नव्हता. मी सांगितलं, “सेल होता, बाराशेला मिळाले.” बाबा खूश. पंधरा दिवसांनी साताऱ्याला गेलो, तर त्यांनी माझ्या हातात मोजून बाराशे रुपये ठेवले. “काकाला पण एक जोड आण. त्याच्याकडून घेतलेत पैसे.”

मी ते घेतले. दुसरं काय करणार होतो? दुसरा जोड आणला, वरचे ५,६०० खिशातून घातले. मनात म्हटलं, कुणाचं काय बिघडलं?

याचं उत्तर कादंबरीच्या शेवटी मिळतं. बायकोच्या श्रीमंतीखाली गुदमरलेला मायकल बाहेर लफडं असल्याचं नाटक करतो, म्हणजे तीच घटस्फोट देईल. अ‍ॅस्ट्रिडवर अजूनही जीव असलेला चार्ली वू मग एक चाल खेळतो. मायकलला आपली लायकी सिद्ध झाल्यासारखं वाटावं म्हणून तो गुपचूप त्याची कंपनी फुगवलेल्या किमतीला विकत घ्यायची तजवीज करतो. वाचताना डोळे पाणावतात. पण पुढच्या भागात हाच मायकल पैशाने माजतो, प्रतिष्ठेच्या मागे लागतो आणि तो संसार मोडतोच. मी सॉफ्टवेअरवाला आहे. इनपुट चुकीचा दिला की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, हे रोज बघतो. मायकलला स्वतःच्या किमतीचा आकडाच खोटा मिळाला होता.

म्हणजे दरवेळी किंमत सांगत सुटायचं का? नाही. कुणी न विचारता आकडा सांगणं हा बहुतेक वेळा दिखावाच असतो. मला वाटतं, रेघ दुसरीकडे आहे. समोरचा माणूस त्या माहितीवर काही ठरवणार असेल, तर ती दडवणं म्हणजे त्याचा निर्णय परस्पर आपण घेऊन टाकणं. रेचलने सिंगापूरला जायचं ठरवलं ते अर्धवट माहितीवर, आणि तिथे तिला निकच्या आईसमोर बेसावध उभं राहावं लागलं. बाबांनी भावाला शब्द दिला तो माझ्या थापेच्या भरवशावर.

आणखी एक कबुली. बाबांना वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोललो, हे अर्धंच खरं. खरी किंमत ऐकून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतील, ती मला नको होती. आपला मुलगा आता वेगळ्या पैशात राहतो, हे कळल्याची नजर. निकचं मौनही रेचलपेक्षा त्याच्याच सोयीचं असावं.

दिवाळीत मी बाबांना सांगून टाकलं. ते गप्प झाले. एक बूट उचलला, उलटा करून तळवा पाहिला, परत ठेवला. मग म्हणाले, “काकाला सांगू नकोस. तो घालायचा बंद करेल.”

माझ्या नियमाप्रमाणे काकालाही सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.