विटाळ कोणाचा? पेशीसंवर्धनातील शुद्धीचा प्रश्न

शरीराबाहेर काढलेल्या पेशीला स्वतःचा बचाव करता येत नाही. तिला ३७ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि साखर, अमिनो आम्ले, वासराच्या रक्ताचा सीरम असलेले द्रव माध्यम लागते. जिवाणूंनाही नेमके हेच मानवते. पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो, तर अनेक जिवाणूंना अर्धा तास पुरतो. त्यामुळे चार-दोन जिवाणू शिरले तरी एक-दोन दिवसांत लालसर माध्यम पिवळे आणि गढूळ होते. शरीरात पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. बाटलीत तो पहारा नसल्याने माणसाला नेम पाळावे लागतात.

हे नेम पाहून सोवळे आठवणे साहजिक आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीच्या चौंडेश्वरी देवीच्या परिसरात नवरात्रात ज्या घरी घट बसतात, तिथेही आंघोळ, धूतवस्त्र आणि शिवाशिवीचा निर्बंध असतो. प्रयोगशाळेत हातमोजे आणि अ‍ॅप्रन घालतात, पंखा आधीच सुरू करून हूडमधली, म्हणजे काम करायच्या कपाटातली, हवा गाळून घेतात आणि उघड्या बाटलीवरून हात नेत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली मांडले की मळ म्हणजे जागा चुकलेली वस्तू. तसे पाहिले तर दोन्हीकडे माणूस सीमाच आखत असतो. मग या दोन शुद्धी एकच मानायच्या का?

प्रयोगशाळेतली शुद्धी वस्तूच्या पावित्र्यावर उभी नाही, हे अल्कोहोलवरून कळते. हूड पुसायला ७० टक्के अल्कोहोल वापरतात. निव्वळ अल्कोहोल जिवाणूच्या बाहेरच्या प्रथिनांना झटकन गोठवते आणि आत शिरण्याआधीच उडून जाते. पाणी मिसळले की ते आतपर्यंत पोचते. इथे अधिक शुद्ध द्रव कमी कामाचा ठरतो.

खरा फरक दोष कोणाकडे धरला जातो यात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी ते तळे १०८ घागरी पंचगव्याने ‘शुद्ध’ केले. शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतल्याने जंतू वाढतात की घटतात, हे तपासायची गरज कुणाला वाटली नाही. विटाळ पाण्यात नव्हताच, तो पिणाऱ्याच्या जन्मावर लादलेला होता. त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, संत सोयराबाईंनी विटाळाचे मूळ देहातच दाखवले होते आणि त्यातून कुणाचाच देह सुटलेला नाही असे म्हटले होते.

पेशीसंवर्धन सोयराबाईंच्या बाजूने साक्ष देते. तिथला सर्वांत चिवट शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा हा जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याचे काही बिघडवू शकत नाही. तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो आणि माध्यम गढूळ करत नाही. त्याची एक सर्रास आढळणारी जात माणसाच्या तोंडात राहते. म्हणून हूडसमोर बोलायचे नाही, हा नेम संचालकापासून झाडूवाल्यापर्यंत सारखाच लागू होतो.

विज्ञानातही कर्मकांड शिरतेच. ‘असू द्या’ म्हणून कायम प्रतिजैविके घालायची सवय त्यातलीच. त्याने बारीक संसर्ग दबतो, मरत नाही, आणि हलगर्जीपणावर पांघरूण पडते.

यावर उतारा म्हणजे चाचणी. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या भांडारातून आलेल्या पेशीसुद्धा आधी वेगळ्या ठेवाव्यात, डीएनए रंगवून किंवा पीसीआरने तपासाव्यात, असा दंडक आहे. भांडाराचे नाव मोठे असले तरी त्यात सूट नसते. निकाल स्वच्छ आला की त्या पेशी इतर पेशींच्या इन्क्युबेटरमध्ये जातात. दूषित निघालेली बाटली ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करून टाकून देतात.