टाकीतली रिकामी जागा

अमेरिकेत कॅम्पर व्हॅन घेऊन महिनोन्महिने भटकणाऱ्यांचा स्वयंपाक आणि ऊब बहुधा प्रोपेनवर चालते. टाकी संपत आली की वाटेतल्या पंपावर भरून घ्यायची. त्याआधी इंजिन, शेगडी, हीटर, गॅसवरचा फ्रिज सगळं बंद. मुलंबाळं, कुत्रं, झोपलेले आजोबा, सगळ्यांनी उतरून लांब उभं राहायचं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो; गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो.

हातमोजे घातलेला कर्मचारी नळी जोडतो आणि टाकीवरचा एक बारीक स्क्रू सैल करतो. आधी नुसताच वायू फुसफुसतो. द्रव ८० टक्क्यांवर पोचला की तिथून पांढरा फवारा उडतो. तिथे भरणं थांबलंच पाहिजे.

आणि नेमकं तेव्हाच एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "घाला की अजून थोडा!"

मापात पाप म्हणजे कमी देणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे पाप जास्त देण्यात आहे. ऊन चढलं की द्रव प्रोपेन फुगतो. त्याला फुगायला जागाच ठेवली नाही, तर सगळा ताण टाकीच्या पत्र्यावर येतो. त्या वीस टक्क्यांवर हक्क आहे तो टाकीच्या आसपास झोपणाऱ्यांचा. पैसे मोजणाऱ्याने तो मागूच नये.

११ जुलै १९७८. स्पेनच्या किनाऱ्यावरचा लोस अल्फाकेस हा तळ सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबांनी भरला होता. शेजारच्या रस्त्याने प्रोपेनच्याच जातकुळीतल्या प्रोपिलिनचा टँकर निघाला होता, आणि त्यात मर्यादेपेक्षा कितीतरी टन जास्त माल भरलेला होता. तळाजवळ तो फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्यापैकी कुणीही "अजून थोडा" म्हटलं नव्हतं.

अमेरिकेत १ एप्रिल २००२ पासून, जादा भरणं रोखणारी झडप नसलेले छोटे सिलिंडर भरायलाच मनाई झाली. तरी झडप अडकू शकते. म्हणून फवाऱ्यावर माणसाची नजर हवीच.

पुण्यातल्या एलपीजी रिक्षाची टाकीही ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. पुढच्या वेळी पंपावरच्या माणसाने "झालं" म्हणून नळी काढली, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.