क्षणभर थांब



दिवसातून कितीदा आपण म्हणतो, ‘आलोच क्षणभरात’, ‘पळभर थांबा’, ‘निमिषात उरकतो’. हे शब्द जिभेवर इतके रुळलेत की त्यांना मोजमाप आहे याचाच विसर पडला आहे. पायली आणि शेर जशी धान्याची मापे, तशी निमिष, क्षण, पळ ही काळाची मापे. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे, कारण परवा याच मापांनी माझे माप माझ्या पदरात घातले.

एकादशीच्या प्रवचनाची तयारी करीत होतो. श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधातला अकरावा अध्याय समोर होता. मैत्रेय ऋषी विदुराला काळाचे परिमाण सांगत आहेत. दोन परमाणूंचा एक अणू, तीन अणूंचा एक त्रसरेणू. त्रसरेणू म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण. असे तीन कण ओलांडायला जो काळ लागतो ती त्रुटी. पुढे शंभर त्रुटींचा वेध, तीन वेधांचा लव, तीन लवांचा निमेष, तीन निमेषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, पंधरा काष्ठांचे एक लघु, पंधरा लघूंची एक नाडिका आणि दोन नाडिकांचा मुहूर्त.

आता हे घड्याळात कसे बसवायचे? नाडिका म्हणजे आपली घटका. दिवसरात्रीच्या साठ घटका, म्हणून एक घटका चोवीस मिनिटांची. सांधा इथे जुळला की खाली उतरत जायचे. लघु ९६ सेकंदांचे, काष्ठा ६.४ सेकंदांची, क्षण १.२८ सेकंदांचा, निमेष अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमी. त्रुटी तर इतकी बारीक की एका सेकंदात दोन हजारांहून अधिक मावतात.

मला या हिशेबाची गोडी लागली. वहीत ‘क्षण = १.२८ सेकंद’ असे लिहून खाली रेघ ओढली, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आईची हाक आली. “अरे, जरा इकडे ये रे.”

“आलो आई, क्षणभर थांब.”

त्रुटीच्या खाली त्रसरेणू, अणू, परमाणू असा उतरत गेलो. पुढे दुसरा ग्रंथ काढला, मग तिसरा. हिशेब जुळला तेव्हा समाधानाने उठलो आणि घड्याळाकडे लक्ष गेले. अठ्ठेचाळीस मिनिटे झाली होती.

आई खाटेवर बसली होती. तिची तुळशीची जपमाळ हातातून निसटून खाटेखाली गेली होती. तिला वाकता येत नाही. मी माळ काढून दिली. त्याला एक पळसुद्धा, म्हणजे चोवीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. “मग इतका वेळ काय केलंस?” मी विचारले. ती म्हणाली, “बोटांवर घेत होते नाम. तुझं वाचन चाललं होतं ना.”

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. लव म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. तेवढाही नव्हता.

वाचकहो, परत येऊन वहीपुढे बसलो आणि माझ्याच आकड्यांनी माझा हिशेब केला. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे एक मुहूर्त. एका मुहूर्तात भागवताच्या मापाने दोन हजार दोनशे पन्नास क्षण. आईकडे मी एक क्षण मागितला होता आणि घेतले इतके.

आता मनाची लबाडी पाहा. त्याच वहीत मी आणखी दोन मापे उतरवून ठेवली होती. अमरकोशात बारा क्षणांचा एक मुहूर्त आहे, म्हणजे तिथला क्षण चार मिनिटांचा. आणि भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (इ.स. ११५०) दोन घटकांनाच क्षण म्हटले आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे! मन लगेच म्हणाले, ‘मग तू एकच क्षण घेतलास की. शब्द मोडला कुठे?’

शब्द एकच, माप तीन ठिकाणी तीन. तिन्ही ग्रंथ आपापल्या गणितात बरोबर आहेत. म्हणून काळाचे रूपांतर करताना एका ग्रंथातला आकडा दुसऱ्याच्या कोष्टकात घालू नये, हा गणिताचा साधा नियम. माझे मन मात्र घेताना मोठे माप आणि देताना छोटे माप वापरू पाहत होते. दुकानदाराने अशी दोन मापे ठेवली तर आपण त्याला काय म्हणतो?

तुम्हीही स्वतःला तपासून पाहा. आपल्याला थांबावे लागले की आपण मिनिटे मोजतो, दुसऱ्याला थांबवले की ‘थोडाच वेळ’ म्हणतो. ‘क्षणभर थांब’ म्हणणाऱ्याला क्षण नेहमीच लहान वाटतो. तो खरा किती मोठा होता, ते ज्याला थांबावे लागले त्यालाच विचारावे.

यावर कोणी म्हणेल, ‘भागवतच तर वाचत होतास, देवाचेच काम होते.’ पुंडलिकाची कथा आठवली आणि ही पळवाटही बंद झाली. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत होता. त्याने देवाकडे वीट सारली आणि थांबायला सांगितले. त्याने आईवडिलांसाठी देवाला थांबवले. मी देवाच्या नावाखाली आईला थांबवले. आणि देवाने कोणत्या ग्रंथातला क्षण म्हणून विचारले नाही. अठ्ठावीस युगे झाली म्हणतात, तो अजून विटेवर उभा आहे. पंढरीला तासन्‌तास रांगेत उभे राहून आपण कुरकुरतो, पण रांगेच्या त्या टोकाला जो उभा आहे तो आपल्याहून किती आधीपासून थांबला आहे!

मग बारीक मापे शिकून काय साधते? एक गोष्ट नक्की साधते, ‘वेळ नाही’ हे म्हणणे खोटे पडते. भास्कराचार्यांनी काळाचे एक माप उच्चारावरून सांगितले आहे. दहा गुरू अक्षरे म्हणायला लागणारा काळ म्हणजे एक प्राण, एक श्वास; सहा प्राणांचे एक पळ. म्हणजे एक गुरू अक्षर सेकंदाच्या दोन पंचमांश वेळाचे. ‘विठ्ठल’ या नामात एक गुरू आणि दोन लघू अक्षरे आहेत. दोन लघू मिळून एक गुरू, म्हणून हे नाम दोन गुरू अक्षरांएवढे झाले. एका श्वासाच्या काळात पाच वेळा ‘विठ्ठल’. दिवसरात्रीचे श्वास एकवीस हजार सहाशे, त्यांना पाचांनी गुणले तर एक लक्ष आठ हजार येतात. आकडा पाहून आनंद होतो, पण तो वहीतच ठेवावा. एक नाम घ्यायला एक सेकंदही लागत नाही, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. तेवढा वेळ कोणाजवळ नाही?

आणि जो वेळ नामाला आहे, तोच हाकेलाही आहे. उठून चार पावले चालताना नाम काही थांबत नाही. आईची हाक आली तर वही उघडी ठेवून उठावे. त्रुटी आणि परमाणू कुठे जात नाहीत.

त्या एकादशीला प्रवचनात मी कोष्टक सांगितलेच नाही. खाटेखाली गेलेल्या माळेची गोष्ट तेवढी सांगितली. आई पुढच्याच रांगेत बसली होती. तिची बोटे माळेवर चालू होती.

रामकृष्णहरी.