खाणीच्या तोंडाशी अडलेली बढती

खाण उद्योगात एखादी बाई वरच्या पदावर पोचली की कौतुक होते ते तिच्या जिद्दीचे. जिद्द खरीच असते. पण सगळे श्रेय तिलाच दिले की बाकीच्या बायका का पोचल्या नाहीत याचे उत्तर आपोआप चुकते. खाणीत बढती ठरते प्रमाणपत्रावर आणि प्रमाणपत्र मिळते अनुभवावर. मोठ्या भूमिगत खाणीचे व्यवस्थापक होण्यासाठी पहिल्या श्रेणीचे सक्षमता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी खाली उतरून काम केलेले असावे लागते. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 46 ने नेमके हे उतरणेच बायकांना बंद केले होते. जमिनीवरच्या कामालाही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा होती. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी न्यायालयात जावे लागले. 1999 मध्ये रामदेवबाबा महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता ठरल्या, पुढे नागपुरातच केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. त्यांची पदवी हातात आली तरी कायदा पुढची वीस वर्षे जागचा हलला नाही. जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून बंदी सैल केली, आणि 2021 पर्यंत हिंदुस्थान झिंक या कंपनीत संध्या रसकतला आणि योगेश्वरी राणे या भूमिगत खाणीच्या व्यवस्थापनापर्यंत पोचल्या होत्या. त्याच वर्षी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. पात्रता दोन वर्षांत उगवत नाही. ती आधीपासून होती, अडवलेली होती.

यावर गंभीर आक्षेप असा की बंदी बायकांच्या भल्यासाठीच होती. तो सहज झटकता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोळशाच्या खाणींत बायका नवऱ्याबरोबर टोपल्या वाहत, मुले खाणीच्या आसपास वाढत. 1929 चे नियम आणि 1937 ची बंदी यांमागे माणुसकीची प्रेरणा निश्चित होती. पण या बंदीची पुढची कहाणीही पाहिली पाहिजे. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागताच 1943 मध्ये ती उठवली गेली आणि 1946 मध्ये पुन्हा लागू झाली. जे काम बाईला घातक म्हणून बंद केले, तेच सरकारची गरज पडताच चालले. तेव्हाचे मजूर मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना 1944 च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करावे लागले. आणीबाणी म्हणून त्यांनी ते केले. पण खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व त्यांनी त्याच भाषणात ठासून मांडले. मला ही भूमिका बंदीपेक्षा जास्त संरक्षक वाटते. छत कोसळणे, वायू साचणे, धूळ छातीत जाणे हे पुरुषालाही मारते. त्यावरचा उपाय खाण सुरक्षित करणे हा आहे, निम्म्या माणसांना बाहेर ठेवणे हा नाही.

2019 च्या सवलतीतही जुनी भीती उरलीच होती. भूमिगत काम फक्त तांत्रिक, देखरेखीचे आणि व्यवस्थापकीय, तेही दिवसा. लेखी संमती हवी होती, आणि एका पाळीत किमान तीन बायका हव्या होत्या. तीनची अट सुरक्षेसाठी होती हे मान्य. पण जिथे एकच अभियंता बाई होती तिथे ही अट तिलाच अडवत होती, आणि पहिली आल्याशिवाय दुसरी-तिसरी येत नाही. मजूर बाईला तर या सवलतीत जागाच नव्हती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने सर्व आस्थापनांतली सर्व कामे बायकांसाठी खुली असल्याचे तत्त्व मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे.

हा प्रश्न चंद्रपूर-नागपूरच्या कोळशापुरता नाही. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीज आणि मोटारी तयार होतात. त्यांतले लोखंड, तांबे, जस्त खाणीतून येते, आणि बाईच्या बढतीतला अडथळाही इथे त्याच जातीचा आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 66 ने बायकांना रात्रपाळी नाकारली होती. महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने ती अटींवर मोकळी केली. तिन्ही पाळ्या न केलेल्या माणसाकडे पाळीप्रमुखपद सहसा येत नाही, आणि पाळी न सांभाळलेल्याकडे कारखाना येत नाही. शिरूर-दौंडच्या गावांतून येणाऱ्या मुलीच्या बाबतीत कंपनीची बस रात्री दीड वाजता तिला वेशीपर्यंत सोडते की हमरस्त्यावर, हा प्रश्न म्हणूनच तिच्या पुढच्या पंधरा वर्षांचा आहे.

कोणी म्हणेल, 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक बाई सक्तीची केली, 2023 पासून हिंदुस्थान झिंकच्या अध्यक्षपदी प्रिया अग्रवाल हेब्बर आहेत, मग आणखी काय हवे? मंडळावरची ती जागा मला मोलाचीच वाटते. पण मंडळावर मालकीतून, वारशातून किंवा बाहेरच्या क्षेत्रातून जाता येते. खाणीच्या आणि कारखान्याच्या प्रमुखपदी तसे जाता येत नाही. म्हणून वार्षिक अहवालात कंपन्यांनी महिला संचालकांच्या संख्येशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र असलेल्या बायका किती, आणि तिसऱ्या पाळीच्या प्रमुख असलेल्या किती.