शेवटची ओळ आणि वरचं पान

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ११ ते २०

आजचं चिंतन थोडं कबुलीजबाबासारखं होणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात माझ्या एका मित्राचे वडील गेले. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होतो. कॉल चालू असतानाच मी फोनमधली नोट उघडली. बरीच वर्षं जमवलेली वचनं त्यात आहेत, विषयवार लावलेली, शोधायला सोपी. ‘मृत्यू’ या शब्दावर सर्च केलं, आजच्या वाचनातला विसावा श्लोक मिळाला. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, शरीर मारलं गेलं तरी तो मारला जात नाही, असं सांगणारा. अर्थासकट पाठवून दिला. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही.

चार दिवसांनी घरी भेटायला गेलो. चहा झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “अरे, त्या दिवशी हा श्लोक मला सात जणांनी पाठवला. बाबा शेवटी काय बोलले, हे मात्र कुणीच विचारलं नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी आल्यावर पहिला विचार आला की ती नोटच डिलीट करावी. नको ही सुटी सुटी वचनं, ग्रंथ वाचायचा तर अख्खा वाचावा. पण हा विचार टिकला नाही, कारण मी स्वतः या मार्गाला लागलो तोच अशा एका संकलनामुळे. गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एका तारखेला एक प्रवचन, आणि प्रत्येकाच्या शेवटी वेगळं छापलेलं एक वाक्य. कॉलेजला लोकलने जाताना मी फक्त ते शेवटचं वाक्य वाचायचो. वरचं पान वाचायला वेळ नसतो, असं स्वतःला सांगायचो. (वेळ होता. क्रिकेटचा स्कोअर बघायचो.) तरीसुद्धा त्या एका वाक्याने काम केलं. दासबोधाच्या दोनशे समासांना किंवा ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांना हात घालायची तेव्हा माझी तयारीच नव्हती. मन लहान असतं तेव्हा त्याच्या ओंजळीत मावेल एवढंच द्यावं लागतं. पुढे बाबा आयसीयूमध्ये होते त्या रात्री बाहेरच्या खुर्चीवर बसून मला एकही अख्खी गोष्ट आठवत नव्हती. आठवत होती ती असली चार-पाच वाक्यंच, आणि तीच सकाळपर्यंत पुरली.

आणि ही आजची मोबाइलची सवय आहे असंही नाही. साधारण नऊशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या जगद्दल विहारात विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने संस्कृत सुभाषितांचा एक कोश केला, ‘सुभाषितरत्नकोश’. सतराशेहून जास्त श्लोक, विषयवार लावलेले. गंमत म्हणजे एका बौद्ध विहारातल्या या संग्रहात शिव आणि विष्णूवरचे श्लोकही आहेत. आपल्या दामोदर कोसंबींनी वि. वि. गोखल्यांबरोबर तो संपादित केला आणि १९५७ साली तो छापून आला. विनोबांनीसुद्धा कुराण, ख्रिस्तधर्म, भागवत यांची ‘सार’ म्हणून संकलनं केली. पण विनोबा आधी मूळ ग्रंथात वर्षानुवर्षं मुरले, मग त्यांनी वेचलं. मी मूळ ग्रंथ न उघडताच वेचत होतो.

आता श्लोकाकडे येऊ. हा विसावा श्लोक मुळात भगवंतांनी रणांगणावर नव्याने रचलेला नाही. कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायात, दुसऱ्या वल्लीत तो जवळजवळ असाच आहे. पूर्वार्धात थोडे शब्द वेगळे, उत्तरार्ध अक्षरशः तोच. म्हणजे साक्षात श्रीकृष्णही इथे जुनं वचनच सांगताहेत! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्याचं वचन देण्यात चूक नाही.

मग माझं चुकलं कुठे? दोन्हीकडे तो श्लोक ऐकणारा कोण आहे ते बघा. कठोपनिषदात यम नचिकेत्याला हे सांगतो. नचिकेता त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेला आहे. मेल्यावर माणसाचं काय होतं, हे त्याने स्वतः विचारलंय. यमाने राज्य, संपत्ती, दीर्घायुष्य सगळं देऊ केलं तरी तो प्रश्न सोडत नाही. गीतेत तर त्याहून जास्त. पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा अर्जुनाचा आहे. त्याचे हात थरथरतात, अंगाची आग होते, धनुष्य गळून पडतं. त्या अख्ख्या अध्यायात भगवंतांच्या तोंडी एकच छोटंसं वाक्य आहे: हे जमलेले कौरव बघ. दुसऱ्या अध्यायात ते थोडं झापतात, तर अर्जुन पुन्हा बोलायला लागतो. ते पुन्हा ऐकतात. मग अर्जुन म्हणतो, मी तुमचा शिष्य आहे, मला शिकवा. आणि गप्प होतो. त्यानंतर अकराव्या श्लोकापासून उपदेश सुरू होतो, आणि आपला श्लोक येतो विसावा.

माझ्या नोटमध्ये विसावा होता. आधीचं सगळं ऐकणं गाळलेलं होतं. माझ्या मित्राचा तर पहिला अध्यायसुद्धा अजून बोलून झाला नव्हता.

सत्तेचाळिसाव्या श्लोकाचंही आपण असंच केलंय. कर्म करत राहा, फळाची आशा नको, एवढं मग आणि पोस्टरवर असतं. त्यात शेवटी ‘काम न करण्यातही अडकू नकोस’ असं आहे, ते पोस्टरवर मावत नाही. अप्रेझलच्या दिवसांत ज्याने हा श्लोक मला ऐकवला, त्याला हे सांगायचं होतं, राहून गेलं. असो, तो विषय त्या श्लोकावर पोचू तेव्हा.

नोट मी ठेवलीय. फक्त आता प्रत्येक वचनापुढे दोन गोष्टी लिहायला सुरुवात केलीय: हे कोण कुणाला म्हणालं, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. दिवसाला दोन-तीनच होतात. तुकोबांच्या नावाने ठेवलेली काही वचनं तर गाथेत शोधून सापडलीच नाहीत, ती काढून टाकली. त्यातली दोन मला फार आवडायची, हेही खरं.

परवा मित्राकडे पुन्हा जाऊन बसलो. फोन बॅगेत ठेवला होता. “काका शेवटी काय बोलले रे?” असं विचारलं. तो दीड तास बोलला. काकांनी शेवटी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं का, एवढंच विचारलं होतं. निघताना त्याने त्यांचं प्रवचनांचं पुस्तक आणून दाखवलं. कव्हर निघालेलं, आणि तारखांशेजारी पेन्सिलीने बारीक नोंदी. एका पानावर त्याच्या दहावीच्या निकालाची, एकावर आईच्या ऑपरेशनची, एकावर नुसतं ‘झोप नाही’. त्या दिवसाच्या तारखेचं पान काढून आम्ही दोघांनी वाचलं, वरपासून. त्याच्या शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

उद्या २१व्या श्लोकापासून पुढे वाचू.

श्रीराम.