खूण आणि निष्ठा

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत निरक्षर मतदारास आपला उमेदवार ओळखतां यावा, म्हणून चिन्हें योजण्यांत आलीं. चिन्ह हें तेव्हां केवळ खूण होतें. पुढें त्या खुणेसच दैवताचें माहात्म्य आलें. २०२३ सालीं निवडणूक आयोगानें शिवसेनेचें धनुष्यबाण हें चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटास दिलें. उद्धव ठाकरे यांच्या गटाकडे मशाल राहिली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत रत्नागिरीच्या मतदारापुढें हींच दोन चिन्हें परस्परांविरुद्ध उभीं होतीं. वर्षानुवर्षें धनुष्यबाणास मत देणाऱ्यानें एकनिष्ठ राहावें तें कोणाशीं? चिन्ह कोणाचें, हें आयोग ठरवूं शकतो. निष्ठा कोठें ठेवावी, हें मतदारानेंच ठरविलें पाहिजे. निष्ठा चित्राशीं नसते, दिलेल्या वचनाशीं असते. चिन्हानें निरक्षरास माणसापर्यंत पोंचविलें. साक्षरानें चिन्हापाशींच थांबावें, हें त्याच्या विद्येस शोभत नाहीं.