अर्धं ऐकलं, अर्धंच केलं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या वेळी थोडं आमच्याच चुकीबद्दल लिहितोय.

चातुर्मासात आमच्यातल्या एका ताईंनी एकभुक्त राहायचा नेम धरला. नेमही होईल आणि वजनही उतरेल, असा दुहेरी विचार होता. दोन महिन्यांत त्या चांगल्याच बारीक दिसायला लागल्या. आम्ही तोंडभरून कौतुक केलं. "किती छान झालात, आम्हालाही सांगा ना!" मग एका गुरुवारी आरतीला उभ्या असतानाच त्यांना दरदरून घाम सुटला आणि त्या मटकन खाली बसल्या. शुगरची गोळी सकाळी नेहमीसारखी घेतलेली, पोटात मात्र काहीच नाही. साखरपाणी दिलं, डॉक्टरांकडे नेलं, देवाच्या कृपेने सावरल्या.

नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "महिनाभर जिना चढताना पाय लटपटत होते. पण तुम्ही सगळ्या इतकं कौतुक करत होता, की सांगायची लाज वाटली."

हे वाक्य आमच्या मनाला लागलं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. *शरीर कमी करणं म्हणजे साधना, की शरीराशी केलेला हिशेब?*

आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे व्हिडिओ येऊन गेलेत. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी पुढे नेला, हेही बहुतेकांना माहीत आहे. त्यांचं सांगणं दोन भागांत आहे. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आम्ही बायकांनी विचारून पाहिलं, तर "दोनदा जेवा" सगळ्यांना पाठ! साडेचार किलोमीटर मात्र दोघी-तिघींनाच आठवले. पटेल तेवढं ऐकायचं, उरलेलं सोडून द्यायचं. सद्गुरूंच्या प्रवचनाचंही आपण असंच करतो की नाही, हे ज्याने त्याने मनाला विचारावं.

दुसरी बाजूही आहे बरं का. काहीजण पहाटे गांधी पार्कात नेमाने फेऱ्या मारतात आणि परत येताना टिफिन सेंटरवर पुरी नाहीतर मिरची बज्जी. "आज चाललोय ना, मग काय होतं!" आता हिशेब बघा. मध्यम वजनाचा माणूस पाऊण तास भरभर चालला तर साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे पाऊण तासाची चाल दीड चमचा तेलात संपली!

उपवासाचंही तेच. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वर शेंगदाण्याचा कूट नि तूप. नाव उपवासाचं, ताट मात्र रोजच्यापेक्षा जड.

बरं, खाणं खरंच कमी केलं पण हालचाल केली नाही, तर? मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावर आकडा उतरतो, पण अंगातली ताकदही उतरते. ताईंचे पाय लटपटत होते, त्यामागे हेही असणार. शिवाय नेम सुटला की वजन लवकर परत येतं.

म्हणून दोन्ही हवं. ताटातून रोज तीनशे कॅलरी कमी, चालण्यात दोनशे खर्च, असे पाचशे झाले, तर कागदावर आठवड्याला जवळपास अर्धा किलो होतं. पुढे ही गती मंदावते, त्याने खचायचं नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही आठवड्याला अर्धा किलो कमी होणं सुरक्षित मानते, आणि वजन कमी करतानाही रोजचा आहार हजार कॅलरींच्या खाली नेऊ नका म्हणते.

पण आम्हाला यात आकड्यांपेक्षा मोठं काही दिसलं. एकटा उपवास मनात अहंकार आणतो, "मी जेवले नाही". एकटा व्यायाम हक्क मागतो, "मी चाललो, आता खाणार". *दोन्ही एकत्र केलं की मनाला सौदा करायला जागा उरत नाही.* गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं सांगितलंय. आणि पुढच्याच श्लोकात आहाराच्या जोडीला विहार ठेवलाय. हजारो वर्षांची ही जोडी आपण का तोडावी? आपल्याकडे तर चालणं हीच पूजा आहे. वारकरी पंढरीला पायी जातात, आणि आपल्याच जिल्ह्यात केस्लापूरच्या नागोबासाठी मेस्राम मंडळी गोदावरीचं पाणी अनवाणी पायांनी चालत जाऊन आणतात.

आता बायकांच्या मनातली गोष्ट. रात्री भांड्यात वाटीभर भात, अर्धी भाकर, थोडं वरण उरतं. टाकलं तर पाप, म्हणून पोट भरलेलं असतानाही आपणच खातो. आम्ही वर्षानुवर्षे हेच केलं. पण अन्न उकिरड्यावर टाकणं पाप, तर भूक नसलेल्या पोटात टाकणं पुण्य कसं? अन्नाचा मान ठेवायचा तर तो रांधतानाच ठेवावा. मूठभर तांदूळ कमी घ्यावेत. उरलंच तर वेळेवर कुणाच्या तरी मुखी लागावं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांना कमी जेवण्याचं व्रत कुणी शिकवायला नको. आपल्याला जास्तीची चिंता आहे, हीच केवढी कृपा, याचंही भान असू द्यावं.

आणि "घरकाम हाच आमचा व्यायाम" हे आपणच म्हणतो. कारण स्वतःसाठी पाऊण तास घेणं आपल्याला स्वार्थ वाटतो. पण हे शरीर सद्गुरूंनी सेवेसाठी दिलेली ठेव आहे. ठेव सांभाळणं स्वार्थ कसा होईल? बंधूंना विनंती, तेवढा पाऊण तास चहा स्वतः करून घ्या. ती तुमचीही सेवाच मोजली जाईल 😊

आमचा या महिन्याचा *संकल्प*:

🌼 रांधताना मोजून, वाढताना थोडं, दुसऱ्यांदा घेण्याआधी क्षणभर थांबून नामस्मरण.
🌼 रोज पाऊण तास नाम घेत चालणं. उन्हाळ्यात उजाडायच्या आत, थंडीत ऊन आल्यावर.
🌼 शुगर-बीपीची गोळी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा नवा आहार सुरू करू नये. व्रत मोडलं तर देव रागावत नाही.
🌼 कुणी बारीक दिसलं, तर "छान दिसता" म्हणण्याआधी विचारायचं, "बरं वाटतंय ना?"

त्या ताई आता दोन वेळा व्यवस्थित जेवतात आणि आमच्याबरोबर चालतात. वजन हळूहळू उतरतंय. जिना मात्र न थांबता चढतात.

॥ सद्गुरुनाथ महाराज की जय ॥ 🙏